डावीकडचा कडू घास

(संक्रांतीनिमित्त झालेल्या कौटुंबिक स्नेहमेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पत्रकाराला व्याख्यानासाठी बोलावले की तो देशाच्या स्थितीवर बोलणार, असे श्रोते गृहीत धरून येतात. संयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'कोशिंबीर' असे उत्तर दिले. दूरध्वनीवर क्षणभर शांतता पसरली. मग त्यांनी सौजन्याने विचारले, "म्हणजे प्रतीकात्मक ना?" मी म्हटले, "नाही. पानात डाव्या बाजूला वाढतात तीच." त्यांनी ते मान्य केले आणि सभागृहाच्या मागच्या बाजूला एक टेबल, दोन परात, सुरी आणि पातेले एवढी सामग्रीही दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

आज मी ज्या कोशिंबिरीविषयी बोलणार आहे ती काकडीची नव्हे, गाजराचीही नव्हे. ती कडू पाल्याची आणि ऋतूतल्या फळांची आहे. वऱ्हाड, मराठवाडा आणि खानदेशातून आलेल्या मंडळींना 'घोळाणा' हा शब्द उच्चारताच मी कशाबद्दल बोलतो आहे ते कळले असेल. पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी थोडे सांगतो. मेथीची, करडईची किंवा रानातल्या पाथरीची कोवळी पाने कच्चीच घ्यायची, त्यांत कांदा, दाण्याचे जाडसर कूट, मीठ आणि तेल घालायचे आणि हाताने घोळायची. नावातच कृती आहे. ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर तो खाल्ला जातो. चुलीवर चढत नाही, म्हणून शेतात न्याहारीलाही तो जागच्या जागी होतो.

आपल्या पानाची रचना मोठी विचारपूर्वक झालेली आहे. उजवीकडे भाज्या, मध्ये भात, पोळी, आणि डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे. उजवीकडचे पोटासाठी आणि डावीकडचे जिभेसाठी, असे आमच्या घरी म्हणत. डावीकडचे पदार्थ प्रमाणाने अल्प, परंतु ते नसतील तर उजवीकडचे सारे सपक. या डाव्या बाजूला एके काळी कडू रसालाही हक्काची जागा होती. आज ती राहिलेली नाही. बाजारात मिळणारे कारलेसुद्धा आपण मीठ चोळून, पिळून, गूळ-चिंच घालून इतके गोड करतो की त्याला कारले का म्हणायचे हा प्रश्न पडावा.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या सव्विसाव्या अध्यायात सहा रसांचे गुण सविस्तर सांगितले आहेत. तिथे तिक्त रसाविषयी केलेले निरीक्षण मला फार मार्मिक वाटते. हा रस स्वतः रुचकर नाही, पण अरुची घालवणारा आहे, असा त्याचा आशय आहे. तापातून उठलेल्या माणसाला ज्याने कधी मेथीची भाकरी किंवा काडेचिराइताचा काढा दिला असेल, त्याला याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. सुश्रुतसंहितेत जेवणाचा क्रम दिला आहे. आधी मधुर, मध्ये आंबट-खारट आणि उरलेले रस शेवटी. बंगालमध्ये याच्या उलट. तिथे दुपारचे जेवण कडूनेच सुरू होते. शुक्तो तरी असते, नाहीतर कडुनिंबाची पाने घालून परतलेले वांगे. आपण महाराष्ट्रात या वादात पडलोच नाही. डावीकडे वाढून ठेवले, ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा त्याने बोटभर घ्यावे.

आणि कडू एकटे वाढायचे नाही, हेही आपल्याकडे जाणत होते. गुढीपाडव्याला आपण कडुनिंब खातो तो कसा? कोवळी पाने आणि फुले, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, गूळ, जिरे, हिंग, मीठ असे वाटून. कर्नाटकात तोच दिवस बेवु-बेल्लाचा, म्हणजे कडुनिंब आणि गुळाचा. आंध्र-तेलंगणात उगादीची पच्चडी करतात. तिच्यात कडुनिंबाची फुले, नवा गूळ, चिंच, मिरची, मीठ आणि त्या ऋतूतले फळ म्हणून कैरी, असे सहाही रस एका वाटीत येतात. नीट पाहिले तर ही कडू पाल्या-फुलांची आणि ताज्या फळाची कोशिंबीरच आहे. एवढेच कशाला, यहुदी बांधवांच्या 'पेसाह' या सणाच्या ताटातही कडू पाला असतो आणि शेजारी फळे व सुकामेवा यांचे गोड मिश्रण. दास्याच्या आठवणीचा कडू घास ते गोड मिश्रणात बुडवून खातात. आपल्या कोकणातले बेने इस्रायली शतकानुशतके हा सण पाळत आले. कडू आणि गोड यांची ही सोयरीक इतक्या दूरदूरच्या समाजांना सुचली आहे.

आता थोडे घरचे. पत्रकाराने स्वतःविषयी बोलू नये हा दंडक मी तीस वर्षे पाळला. आज मोडतो, कारण तो न मोडता हा विषय पुरा होणार नाही.

माझे बालपण परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेले. कोरडवाहू शेती, रब्बीची ज्वारी, करडईच्या पाटा. पौषात आई रानातून येताना ओच्यात पाथरी घेऊन यायची. शहरातल्या मंडळींनी ही वनस्पती पाहिली असेल, ओळखली मात्र नसेल. जमिनीला बिलगून चक्राकार पसरलेली लांबट, दातेरी कडांची पाने, तोडली की पांढरा चीक आणि पुढे येणारी लहान पिवळी फुले. वनस्पतिशास्त्रात हिचे नाव 'लाउनिया प्रोकंबेन्स'. सूर्यफुलाच्या विशाल कुळातली ही. या कुळाची जी शाखा आहे, त्याच शाखेत सॅलडचा लेट्यूस, युरोपातली चिकोरी आणि डँडेलियन ही सारी येतात. म्हणजे ज्याला आज तारांकित उपाहारगृहांत मोठ्या किमतीला बशीत मांडतात, त्याची सख्खी चुलत बहीण आमच्या ज्वारीच्या पाटांत फुकट उगवत होती. ती फुलावर येण्याआधी खुडायची. एकदा फुलाचा दांडा वर आला की पाने जून होतात आणि कडवटपणा सोसत नाही. आई खुरपणी करता करता जी खुडून आणी ती तीन पाण्यांतून काढी आणि तिच्यात कांदा, कूट व करडईचे तेल घालून घोळाणा करी. बोरांचे दिवस असले तर चार पिकलेली बोरे बिया काढून त्यात कुस्करायची. फळ घालण्याची कल्पना मी कोणत्याही पुस्तकातून घेतलेली नाही, ती तिची आहे.

१९८९ साली मी तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, कला शाखेत शिकत होतो. त्या हिवाळ्यात पुण्याचे दोन मित्र माझ्याबरोबर गावी आले. शहरी घरांतले, नीटनेटके, बोलण्यात वाकबगार. मी त्यांच्यापुढे थोडा दबून असे. आईने पिठले, भाकरी, ठेचा केला होता आणि प्रत्येकाच्या ताटात डावीकडे घोळाणा वाढला होता. एका मित्राने पान उचलून "हे काय आहे?" एवढेच विचारले. उत्सुकतेने विचारले असेल. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखे झाले. मी म्हणालो, "आई, ही काय वैरण पाहुण्यांपुढे ठेवलीस?" आणि तिघांच्याही ताटांतला घोळाणा एका वाटीत काढून आत नेऊन ठेवला.

आई हसली. "बरं, नाही वाढत," म्हणाली. रागावली नाही, आणि पुन्हा तो विषयही तिने कधी काढला नाही.

पण त्यानंतर माझ्यासमोर तिने घोळाणा वाढला नाही. मी सुटीत गेलो की काकडीची कोशिंबीर, दही घातलेली. माझे लग्न झाले, सूनबाई आली, तेव्हाही काकडीच. नात झाली, ती आजीकडे महिना-महिना राहिली, पण तिलाही कधी तिने तो दिला नाही. 'शहरातल्या लेकरांना नाही आवडत', असे तिने मनाशी पक्के केले असणार, आणि ते तिला मीच शिकवले होते. २०१६ मध्ये ती गेली. इतक्या वर्षांत 'आई, एकदा पाथरीचा घोळाणा कर' हे पाच शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. वेळ नव्हता असे नाही. आठवण नव्हती असेही नाही.

माझी कन्या नोकरीनिमित्त इटलीत मिलानला असते. २०२२च्या जानेवारीत तिचा दूरध्वनी आला. तिकडे हिवाळ्यात 'रादिक्यो' नावाची जांभळट-तांबड्या पानांची चिकोरी मिळते. त्रेव्हिझो गावच्या परिसरातले शेतकरी तिचे कंद वाहत्या पाण्यात, अंधारात ठेवून मधल्या शिरा पांढऱ्याशुभ्र करतात. तिने ती पाने, संत्र्याच्या फोडी आणि अक्रोड एकत्र करून खाल्ले होते. म्हणाली, "बाबा, चांगलंच कडू आहे, पण ताट सोडवत नाही. आपल्याकडे असं काही नसतं का? आजी कधी करायची का?"

मी "करायची" म्हणालो. पुढचे मला बोलता आले नाही. तिला वाटले, आवाज तुटतो आहे.

जाता जाता, तिच्या बशीतल्या त्या फळाविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. इटालियन लोक संत्र्याला 'अरांच्या' म्हणतात. तो शब्द अरबी 'नारंज'वरून, तो फारसीवरून, आणि तो आपल्या संस्कृत 'नारङ्ग'वरून. शब्द इथून तिथे गेला आणि माझी मुलगी त्याच्या मागोमाग. मात्र लगेच अभिमानाने फुगून जाण्याचे कारण नाही. आपल्या घोळाण्यातला शेंगदाणा आणि हिरवी मिरची दोन्ही अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांच्या काळानंतर इकडे आलेली. पेरूही तिकडचाच. आपले सगळे वेदकाळापासून जसेच्या तसे चालत आले, असे म्हणण्याचा मोह आपल्या मंडळींना होतो. शेंगदाण्यापूर्वीच्या काळात आपल्याकडे तीळ, जवस, कारळे होतेच, त्यांचेच कूट पडत असणार. परंपरेने नवा जिन्नस नाकारला नाही, पानात बसवून घेतला. मला यात परंपरेची थोरवी अधिक दिसते.

त्या फोननंतरच्या संक्रांतीला मी गावी गेलो. भोगीचा दिवस होता. घरोघर बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि लेकुरवाळी भाजी. मी चुलत्यांच्या घरी उतरलो आणि काकूंना म्हटले, "काकू, मला पाथरी दाखवा." त्या पाहतच राहिल्या. म्हणाल्या, "आता कुठं रं राहिलीय ती? फवारणी झाली की काय बी ऱ्हात नाही." आणि खरेच, दोन शेते पालथी घातली, एक रोप दिसले नाही.

याची कारणे सरळ आहेत. रब्बी ज्वारीची जागा आटली, करडईचा पेरा तर फारच ओसरला. सोयाबीन आले, पाणी असेल तिथे ऊस आला. आणि खुरपणीच्या जागी तणनाशक आले. '२, ४-डी'सारखी औषधे रुंद पानांची तणे निवडून मारतात, आणि पाथरी रुंद पानांचीच. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. खुरपायला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही. शहरात बसून 'रानभाज्या वाचवा' म्हणणे सोपे, पौषाच्या थंडीत दिवसभर वाकून खुरपणे अवघड. आमच्या घरात ते काम आईने आणि काकूंनी केले. मी एकदाही केले नाही.

शेवटी पाटाच्या कडेला, जिथे फवारा पोचला नव्हता, तिथे सात-आठ रोपे सापडली. काकूंनी त्यांतली तीनच खुडू दिली. "बाकीची फुलू दे, बी पडंल," म्हणाल्या. संध्याकाळी त्यांनी माझ्याकडून घोळाणा करवून घेतला. बहात्तर वर्षांच्या त्या माऊलीने मला पहिल्यांदा सांगितले ते हे, की पाने सुरीने बारीक चिरायची नाहीत, हाताने तोडायची. मी का म्हणून विचारले, तर म्हणाल्या, "जितकी चिरशील तितकी कडू व्हईल." याला शास्त्रीय आधार आहे. कडू द्रव्ये पानाच्या पेशींत आणि चिकात कोंडलेली असतात. पाने जितकी ठेचावी तितकी ती बाहेर सुटतात.

आता शास्त्राचा विषय निघालाच आहे. गोड चव ओळखायला माणसाच्या जिभेवर मुख्यतः एकाच प्रकारचा ग्राहक असतो. कडू ओळखायला मात्र सुमारे २५ प्रकारचे आहेत. विषारी वनस्पतींत कडू द्रव्ये पुष्कळ, म्हणून निसर्गाने इथे पहारा वाढवला. शिवाय हा पहारा सर्वांच्या जिभेवर सारखा नाही. १९३१ साली आर्थर फॉक्स नावाच्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत एक भुकटी हवेत उडाली. सहकाऱ्याला ती जहर कडू लागली, फॉक्सला काहीच लागली नाही. पुढे सिद्ध झाले की हा फरक आनुवंशिक आहे. लहान मुलांची जीभ तर कडूला मोठ्यांपेक्षा अधिक तीव्रतेने जाणते. तेव्हा भगिनींनो, नातवंडाने मेथी थुंकली तर त्याला 'लाडावलाय' म्हणू नका. त्याला ती खरोखरच तुमच्यापेक्षा कडू लागत असेल. जबरदस्ती न करता पुन्हा पुन्हा, बोटभर वाढत राहावे, चव अंगवळणी पडते.

मिठाविषयीही असेच. मीठ कडूपणा दाबते. १९९७ साली 'नेचर' या नियतकालिकात ब्रेस्लिन आणि बोशँप या शास्त्रज्ञांनी दाखवले की कडू आणि गोड यांच्या मिश्रणात मीठ घातले की कडू मागे हटते आणि त्यामुळे गोड पुढे येते. घोळाण्यात बोरे आणि चिमूटभर मीठ घालणाऱ्या माझ्या आईला हे माहीत नव्हते, असे मी कसे म्हणू?

फळाचा आणखी एक उपयोग आहे. पालेभाजीतले लोह शरीराला सहजासहजी लागत नाही. त्याच घासात क जीवनसत्त्व असेल तर ते अधिक शोषले जाते. पेरूत हे जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट. आणि जेवण उरकताच चहाचा कप पुढे करण्याची आपली जी रीत, ती लोहाच्या शोषणाला मारक. हे सांगताना मी स्वतः त्यातला पहिला गुन्हेगार आहे.

आता कृती. चार माणसांसाठी सांगतो, लिहून घेण्याची आवश्यकता नाही, एकदा केली की हाताला कळते.

शहरात पाथरी मिळणार नाही. म्हणून मेथी. शक्य तर लहान पानांची, कोवळी. मुंबईकरांना समुद्रमेथी मिळते, मुळांसकट बांधलेल्या चिमुकल्या जुड्यांची. ती वाळूत वाढवतात, म्हणून खोलगट पातेल्यात भरपूर पाण्यात बुडवून पाने अलगद वर उचलून घ्यावीत, पाणी ओतून देऊ नये, नाहीतर खाली बसलेली वाळू पुन्हा पानांवर येते. असे तळाशी वाळू दिसेनाशी होईपर्यंत करायचे. साधी मेथी असेल तर एक जुडी निवडून दोन वाट्या पाने होतात. धुतल्यावर पंच्यावर पसरून पूर्ण कोरडी करा. ओल्या पानांना तेल धरत नाही आणि कोशिंबीर पाणचट होते. करडईची कोवळी पाने कुठे मिळाली तर मूठभर अवश्य घाला, मात्र काटे फुटण्याआधीची.

एक संत्रे. सध्या नागपुरी संत्र्याचा आंबिया बहार संपत आला आहे, आणि फेब्रुवारीपासून मृग बहार येईल. फोडींचे पापुद्रे आणि सगळ्या बिया काढाव्यात. नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की थोड्या वेळाने कडू होतो हे तुम्ही अनुभवले असेल. पापुद्र्यांतल्या आणि बियांतल्या द्रव्यापासून रसात हळूहळू लिमोनिन तयार होते. रस डबाबंद करणाऱ्यांची ती जुनी डोकेदुखी आहे. आपल्या कोशिंबिरीत पाल्याचा कडूपणा पुरेसा आहे, त्यात संत्र्याची भर नको. म्हणून फोडी आयत्या वेळी सोलायच्या.

अर्धा पेरू, घट्ट आणि नुकताच पिवळा पडू लागलेला. बाजारात बहुधा 'सरदार' मिळतो. याला 'लखनऊ-४९'ही म्हणतात, पण निवड झाली ती आपल्या पुण्याच्या गणेशखिंडीतल्या फळ संशोधन केंद्रावर. नाव लखनऊचे, कूळ पुण्याचे. बियांचा गर काढून कडेचा भाग बारीक चिरावा. चमचाभर डाळिंबाचे दाणे घातले तर रंग येतो, न घातले तरी बिघडत नाही. बोरे मिळाली तर मी डाळिंब घालत नाही.

एक लहान कांदा, उभा चिरलेला. कांदा वर्ज्य असलेल्यांनी मुळ्याच्या पातळ चकत्या घ्याव्यात. दोन चमचे भाजलेल्या दाण्यांचे कूट, पण मिक्सरमधले पीठ नव्हे, खलबत्त्यातले जाडसर. त्यातली स्निग्धता कडूपणाची धार कमी करते. एक हिरवी मिरची, अर्ध्या लिंबाचा रस आणि लहान खडा गूळ. तेल कच्चे, घाण्याचे करडईचे किंवा शेंगदाण्याचे, एक चमचा. कुणाला मोहरी-हिंगाची फोडणी हवी असते. द्यावी, पण ती गार झाल्यावर ओतावी. गरम फोडणीने पाने मान टाकतात आणि मग तो घोळाणा न राहता अर्धवट शिजलेली भाजी होते.

क्रम महत्त्वाचा. आधी पाने आणि तेल हलक्या हाताने घोळायचे, म्हणजे पानांवर तेलाचा पातळ थर बसतो. मग कांदा, मिरची, लिंबात विरघळवलेला गूळ. मग फळे, आणि ती घातल्यावर फक्त वर-खाली करायचे, कुस्करायचे नाही. शेवटी कूट, आणि पान वाढताना मीठ. मीठ आधी घातले की पाच मिनिटांत पाणी सुटते आणि सगळी मेहनत वाटीच्या तळाशी जाते.

काही सावधगिरीचे बोल. पाला कच्चा खायचा असल्याने तो कुठे वाढला याची चौकशी करा. महानगरांत सांडपाण्यावर पिकवलेली पालेभाजीही बाजारात येते, ती शिजवून खाणे वेगळे आणि कच्ची खाणे वेगळे. पावसाळ्यात घोळाणा करूच नये. चातुर्मासातल्या शाकव्रतामागे आपल्या पूर्वजांनी काय विचार केला असेल तो असो, चिखलातल्या ओल्या पाल्याबरोबर जंत आणि जंतू पोटात जातात हे आज कुणीही डॉक्टर सांगेल. गर्भवती भगिनी आणि आजारातून उठलेली माणसे यांनी कच्च्या पाल्यापेक्षा शिजवलेली मेथी बरी. रक्त पातळ राहण्यासाठी वॉरफरिनसारखी गोळी घेणाऱ्यांनी हिरव्या पाल्याचे प्रमाण एकाएकी वाढवू नये, आधी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहींनी मेथी जरूर खावी, परंतु मेथी सुरू केली म्हणून गोळी बंद, असला पराक्रम करू नये. माझ्या परिचयातल्या एका सद्गृहस्थांनी तो केला आणि त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. आणि पाथरी शोधायला रानात जाणार असाल तर जाणत्या माणसाबरोबर जा. रुई आणि शेर यांनाही पांढरा चीक असतो, आणि ती खाण्याची झाडे नव्हेत.

काकूंनी फुलू दिलेल्या त्या रोपांचे पुढे काय झाले, असे माझी मुलगी दर फोनवर विचारते. मागच्या वर्षी काकूंनी मूठभर बी कागदाच्या पुडीत घालून पाठवले. मी गच्चीवर दोन कुंड्यांत पेरले. एकीत काहीच उगवले नाही. दुसरीत चार रोपे आली आणि त्यांपैकी दोन टिकली. ती यंदा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात खुडण्याजोगी झाली. मुलगी नाताळच्या सुटीला जोडून आली होती. तिने घोळाणा केला, मी बोरे सोलली. तिला तो मिलानच्या बशीपेक्षा कडू लागला, आणि तिने तसे सांगितलेही. मी एक वाटी आईच्या तसबिरीपुढे ठेवली, माझ्याच हाताने, पाहुण्यांच्या देखत, कारण त्या दिवशी घरी चार पाहुणे होते.

मागच्या टेबलावर मेथी निवडून, धुऊन, कोरडी करून ठेवलेली आहे. संत्री सोलायला स्वयंसेवक हवेत, दोघे-तिघे पुढे या. कूट घरून आणले आहे. मीठ मात्र अजून घातलेले नाही, ते मी तुमच्या हातात वाटी देताना घालीन. काकूंनी दिलेली पाथरीची पाने एका डबीत आहेत, थोडीच आहेत, प्रत्येकाला एकेक मिळेल. ज्यांना पहिल्यांदाच खायची आहे त्यांनी ती घोळाण्यात न मिसळता, आधी नुसती चावून पाहावी.